तीनशे बारावा पत्ता

तात्यांचा चेहरा मी भोकाभोकानं ओळखतो.
आलेखाच्या कागदावर दाढी चौकोनाचौकोनानं भरली,
मग पत्ते टोचले, दोरीत ओवले, जकार्डावर चढवले.
अशोक चौकामागच्या शेडमध्ये
चव्वेचाळीस डिग्रीत, पंखा बंद ठेवून
(चालू केला की कापूस उडतो, नाकात जातो)
माग खटाखट तात्या विणत होता.
आधी हार, मग दाढी, मग ओठ.

तीनशे बाराव्या पत्त्यावर माझा हात चुकला.
डाव्या डोळ्यात एक भोक जास्त पडलं,
काळ्याच्या जागी पांढरा धागा वर आला.
साधनालयाच्या भिंतीवर ते टांगलं
त्या पहिल्याच गुरुवारी यल्लुबाई
विडीच्या कारखान्यातून तशीच आली,
बोटांना तंबाखूचा वास,
म्हणाली, कुठंबी बसा, डोळा आपल्याकडंच बघतोय की.
लोक रडले. मीही रडलो.
भोक माझं आहे, हे ठाऊक असून रडलो,
आणि ते रडणं खोटं नव्हतं.

प्रत्येकाला एक दोषवही असते.
आठवड्याचं मन त्यात लिहायचं आणि चौरंगावर ठेवायचं.
मी एकदा लिहिलं, शंका आली.
तात्यांनी सगळ्यांसमोर वाचलं, हसले,
म्हणाले, शंका म्हणजे ढेकूण,
एक दिसला की गादीत शंभर समजायचे.
मी घरी येऊन खरोखर गादी उन्हात टाकली.

मग चिलवेरींच्या शैलजानं विचारलं,
दवाखान्यासाठी सहा वर्षं आठवड्याला वीस रुपये घेता,
त्याची एक तरी वीट दाखवा.
कुणी ओरडलं नाही.
तात्यांनी फक्त डोळे मिटले.
मिटलेल्या डोळ्यांचा अर्थ लावायला
आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी येत होता.

पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री साडेतीनला.
चिलवेरींचा नळ चढावर, तिथवर जोर पोचत नाही.
माझ्या मोटरीवरून त्यांच्या पिंपात पाइप,
हे आमच्या बापांपासून चालत आलेलं.
ती पिंपाशी उभी होती, झोपेतली, केस सुटलेले.
मी मोटर बंद केली नाही.
केली असती तर निदान काही केलं असतं.
मी पाइप गुंडाळला, नीट, वेढ्यावर वेढा,
खिळ्याला अडकवला आणि आत गेलो.
आमची टाकी भरली, वाहिली,
पाणी गटारात पडत राहिलं.
अंधारात मी ते सगळं ऐकलं.

त्या आठवड्यात वहीत लिहिलं,
सकाळी उठायला उशीर झाला.

आता लोक म्हणतील, सोड ना मग.
तात्यांनी माझी दारू सोडवली, हे खरं आहे.
आई गेली तेव्हा दारात साधनालयाची चाळीस माणसं होती,
हेही खरं आहे, आणि चिलवेरी नव्हते.
त्यांना यायची बंदी होती. बंदी कुणी घातली?
मी तिथंच उभा होतो, मला आठवत नाही.
गुरुवार चुकवला तर अजून छातीत धडधडतं,
गेलो तर तो डोळा.
माझीच चूक माझ्यावर नजर ठेवून आहे
आणि मी तिला हात जोडतो.

काल रात्री वही उघडली.
दोन वर्षांमागची तारीख घातली.
पाणी दिलं नाही, एवढंच लिहिलं.
चौरंगावर ठेवायला पाय उठेना.
खिळ्यावरचा पाइप काढला, वेढ्यांच्या जागी तो चिरला होता,
खांद्यावर टाकला आणि चढ चढून गेलो.

शैलजा हैदराबादला असते म्हणतात.
दार नरसप्पानं उघडलं.
खोकला, आधी पाइप बघितला, मग मला, मग पुन्हा पाइप.
वही माझ्या काखेत होती, ती काही त्यानं मागितली नाही.
ई रोजु नीळ्ळु रावु, तो म्हणाला.
आज पाणी येत नाही.

शुक्रवारी येतं.
हे मलाही माहीत होतं.