हातचा

फॉर्मवरची पहिलीच चौकट: पत्ता.
मी पेन उचलते, ठेवते.

ग्रीनॉकचं घर सुटलं, मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं म्हणून.
ओबनचं हे सुटतंय, कारण अलॅस्डरला टायरी बेटावर
धक्क्याला लागणाऱ्या बोटीचे दोर धरायचं काम मिळालंय,
मार्चपर्यंत.
मार्चनंतर बघू, असं पत्रात कुठे लिहिलेलं नाही,
पण तेवढंच वाचता येतं.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
पिल्लंही पाठीवरच,
आणि त्याला कुणी विचारत नाही शाळा कुठली.

ऑगस्टात टॉर्किल पावणेपाच वर्षांचा होईल.
पावणेपाच.
जानेवारीत इथे पावणेपाचला दिवे लागून गेलेले असतात,
जूनमध्ये पहाटेच्या पावणेपाचला उशीवर ऊन.
याचं पावणेपाच यातलं कुठलं, ते कायदा सांगत नाही.
पाच पूर्ण नसतील तर थांबवा, किंवा पाठवा,
तुमची मर्जी.
मर्जी! घरमालक, बोटकंपनी, वारा,
यांच्यानंतर आमचा नंबर लागला एकदाचा.

सासूबाई फोनवर म्हणाल्या, मी तर चारचीच होते गं,
काय बिघडलं माझं?
मग थोड्या वेळाने,
पहिल्याच दिवशी चड्डी ओली झाली होती,
बाई मोठ्याने बोलली होती सगळ्यांदेखत.
त्या हसल्या.
अठ्ठावन्न वर्षं झाली, तारीख अजून पाठ आहे त्यांना.

बालवाडीची इशबेल म्हणते, तयार आहे तो.
कोटाची चेन आपली आपण लावतो.
लावतो, खरंय.
भिंतीकडे तोंड करून, कुणी बघत नसेल तर.

जुन्या कपड्यांच्या दुकानातून मी स्वेटर आणून ठेवला होता,
इथल्या शाळेचा, मरून, कोपराला रफू.
दोन रात्री तो घालूनच झोपला.
तिकडचा रंग वेगळा, म्हणतात.

अलॅस्डर म्हणतो, घालून टाकू.
मुलं पाण्यासारखी असतात, भांडं बदललं तरी काय.
त्याचं भांडं कधी बदललंच नाही.
मी चार शाळा केल्या.
एकीत हातचा शिकवायचा होता,
दुसरीत शिकवून झाला होता.
मधल्या सोमवारी आमचं सामान रस्त्यात होतं.
अजून मी बेरीज करताना टेबलाखाली बोटं मोडते,
आणि दुकानात सुटे पैसे न मोजता खिशात टाकते.
हे त्याला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं नसतं ते, एवढंसं असतं.

आज सकाळी व्हॅन आली.
घराचे तीनतेरा वाजलेले,
किटली कुठल्या खोक्यात गेली ते कुणालाच ठाऊक नाही,
आणि हा दारात उभा, एकेका खोक्याला हात लावत मोजतोय.
दहा, अकरा, बारा, चौदा.
तेरा त्याच्याकडे नाहीच.
कधीच नव्हता.
मोजत मोजत शेवटच्या खोक्यापाशी पोचला
आणि ओरडला, तेवीस!

खोकी बावीस आहेत. मीच बांधलीत.
व्हॅनवाल्याने माझ्याकडे पाहिलं,
मी चिकटपट्टीचं टोक शोधत राहिले.

आता बोटीवर आहोत. चार तास.
अलॅस्डरला गाडीच्या डेकवर कुणीतरी ओळखीचं भेटलंय.
टॉर्किल खिडकीच्या ओल्या काचेवर बोटाने
काहीतरी काढतोय, अक्षर नसावं.
पत्त्याची चौकट कोरीच आहे.
खाली, अगदी शेवटी, जिथे लिहिलंय
प्रवेश पुढील वर्षी हवा असल्यास,
तिथे मी खूण केली.
बोट हलली, खूण चौकटीबाहेर गेली जराशी.

तेवीस, तो परत म्हणाला, खात्रीनं,
ते सगळे आले ना आपल्याबरोबर?

आले, म्हटलं.