तिसऱ्या वर्षीचा कोंबडा

डिसेंबरात आमच्या दालार्नात
कोंबड्याने कितीही आरवावं, नवाच्या आधी तांबडं फुटत नाही.
तरी हा पाचला सुरू होतो.
बाहेर उणे बावीस, खुराड्याच्या काचेवर बर्फाची जाळी,
आणि आत कुणी गंजलेलं दार उघडावं तसा आवाज.

काळी जात. चोच काळी, कातडी जांभळट,
पिसं इतकी दाट की हात घातला तर मनगटापर्यंत ऊब.
अंडी लहान. मांस, खरं सांगायचं तर,
चुलीत पडल्यासारखं दिसतं, पाहुणे ताट सरकवतात.
म्हणूनच गेली.
स्टॉकहोमहून ट्रकने पांढऱ्या आल्या, रोज अंडं देणाऱ्या,
आणि एका हिवाळ्यात खोऱ्यातल्या बायकांनी काळ्या कापून टाकल्या.
माझ्या आत्याने, अल्फहिल्डने, सात ठेवल्या.
का, ते तिने सांगितलं नाही.
"असू देत," म्हणाली, आणि ओव्याचा नाही, बार्लीचा डबा शोधू लागली.

आता माझ्याकडे नऊ माद्या, एक नर.
सरोवरापलीकडे तोरग्नीकडे अकरा.
उत्तरेला एका शिक्षिकेकडे थोड्या.
सगळी जात एका बसमध्ये मावेल,
मागची बाकं रिकामी राहतील.

माझी वही आहे. लाल कडी कुणाची लेक,
पिवळी कडी कुणाची मावशी.
नात्यात नातं फार झालं की
पिलू चोचीने कवचाला भोक पाडतं
आणि तिथेच थांबतं.
सकाळी ते भोक दिसतं. आतून काही हलत नाही.
म्हणून दर तिसऱ्या वर्षी नर बदलायचा.

तोरग्नीशी मी अकरा वर्षं बोलत नाही.
होडीघरावरून. तो विषय इथे नको.
पण फेब्रुवारीत सरोवर गोठलं की
मी घसरगाडीवर खोकं बांधून मध्यावर जायचे,
तोही यायचा. खोकी बर्फावर ठेवायची,
दहा पावलं मागे, मग उचलायची,
ओलीस सोडवायला आल्यासारखी.
खोक्यात चिठ्ठी, फक्त कोंबड्याबद्दल.
"तुऱ्याला चरबी चोळ."
"डावा पाय जप."
एकदा: "रात्री रेडिओ लावला की हा शांत बसतो."
तो रात्री खुराड्यात बसतो, हे मला असं कळलं.

यंदा बर्फ धरलाच नाही.
मध्यावर काळं पाणी, वर धुकं.
मी खोकं घेऊन काठावर तासभर उभी,
समोर एक ठिपका, तोही उभा.
मग ठिपका गेला.
मीही गाडी काढली, उत्तरेकडून वळसा घातला, चौसष्ट किलोमीटर.

त्याच्या अंगणात गाडी नव्हती.
तो दक्षिणेकडून माझ्याकडे निघाला होता.

खुराडं उघडंच. रेडिओवर मासेमारीचं हवामान चाललेलं.
आणि भिंतीवर, खिळ्याला खिळा लावून,
माझ्या चिठ्ठ्या.
"मक्याला तोंड लावत नाही."
"वाऱ्याला घाबरतो, पण सांगत नाही."
हे मी लिहिलं होतं? अक्षर माझंच.
नर सोडला. पाण्यावरचा बर्फ फोडला. रेडिओ तसाच ठेवला.

घरी पोचले तर माझ्याही पाण्यावरचा बर्फ फोडलेला,
आडव्या दांड्यावर नवा पाहुणा, छाती फुगवून.
वही मात्र टेबलावर, उघडी.
मी ती बंद ठेवून गेले होते.
त्याने काय वाचलं, मी विचारलं नाही,
विचारायला बोलावं लागलं असतं.

मेमध्ये एक खुडूक झाली. चौदा अंडी घातली,
अकरा पिलं निघाली, शाईच्या थेंबांसारखी.
दोघांची बोटं वाकडी. ती नोंद केली.
होडीघराचं काय ते अजून ठरलेलं नाही.