स्थिर

मुजावरसाहेब गेले, परवा कळलं.
पान सहा, खाली उजवीकडे, बोटभर बातमी:
निवृत्त रेडिओ तंत्रज्ञ.
आता त्या रात्रीची मी एकटीच उरले,
म्हणून सांगून टाकते.

तेव्हा मी पाळीवरची निवेदिका.
महिन्याला सहा पाळ्या,
चेक कधी येणार ते दिल्लीला ठाऊक.
शाहूपुरीतल्या अडत्यांना माझा आवाज म्हणजे गुळाचा भाव,
आवक इतके रवे, एक नंबर इतका, दोन नंबर इतका.
हुपरीत पैंजणांना डाग देणाऱ्या बायकांना
मी म्हणजे दुपारची फर्माईश.
मंडईत "पावशेर गवारी" म्हटलं
की बागवान मान वर करायचा:
"तुमीच न्हवं का त्या? परवा वांग्याचा दर चुकला तुमचा."
प्रसिद्धी म्हणावी तर एवढीच.

पत्रं पोत्यानं यायची,
म्हणजे खरंच पोत्यानं, साखर कारखान्याचा शिक्का असलेल्या.
त्यात दर सोमवारी एक कार्ड,
हिंदुराव, मुक्काम पोस्ट चिखली.
गाणं मागायचे नाहीत कधी.
"आमचं नाव घ्यावे. घरात सगळी ऐकत असतात,
म्हैस सुद्धा."
मी म्हैस गाळून वाचायची.
एकदा वाचली चुकून, तर साहेबांचा मेमो.

मग तो पूर.
पेठांतून होड्या फिरल्या,
केंद्र जनरेटरवर,
खालच्या कपाटातल्या टेपा भिजून फुगलेल्या,
एक सतार तेवढी कोरडी राहिलेली.
माझ्या जागी येणारी बाई पाण्यापलीकडे अडकली
आणि माझी पाळी संपेचना.
तासातासाला फोन यायचा.
मी आकडा लिहायची, वाचायची:
राजाराम बंधारा, अमुक फूट, अमुक इंच.
मग तीच सतार.

पहाटे तीनला फोन वाजला नाही.
उचलून कानाला लावला. मेलेला.
काचेपलीकडे मुजावरसाहेबांचं बोट वर गेलं,
लाल दिवा लागला.
कागदावर दोनचाच आकडा.
नियम पाठ होता:
माहिती उपलब्ध नाही, असं म्हणायचं.
तोंड उघडलं, आणि दिसली
पत्र्यावर, माळवदावर बसलेली माणसं,
पोटाशी ट्रान्झिस्टर धरून,
तासाला मिनिटभर लावून लगेच बंद करणारी,
सेल पुरवून वापरणारी.
"उपलब्ध नाही" ऐकायला त्यांनी सेल जाळायचे?
म्हटलं, एकोणपन्नास फूट दोन इंच.
आणि वर, कुणी न सांगता, माझ्या मनानं:
पाणी स्थिर आहे.

मुजावरसाहेबांनी पाहिलं माझ्याकडे.
फोनची तार त्यांनीच तपासली होती मघाशी.
बोलले काहीच नाहीत.
माझा आवाज फक्त किंचित वाढवला.

साडेपाचला जीपमधून माणूस आला, चिठ्ठी घेऊन.
एकोणपन्नास, एक.
वाचताना मी अडखळले.
ऐकणाऱ्यांना वाटलं, झोप.

दीड महिन्यानं कार्ड आलं,
कडेला वाळका गाळ, शाई पसरलेली.
"तीन वाजता तुमी पाणी स्थिर म्हणालासा.
मग पोरं झोपली. मी बी झोपलो.
सकाळी बघतोय तर दावं तुटल्यालं, म्हैस न्हाई.
आमचं नाव घ्यावे."

नाव घेतलं.
त्या दिवशी म्हैससुद्धा वाचली.
मेमो आला नाही.

पुढं दर ईदला
शिरखुर्म्याची वाटी हातात देताना
मुजावरसाहेब हळूच विचारायचे,
"काय बाई, पाणी किती?"
मी म्हणायची, "स्थिर."
दोघंही हसायचो.
म्हशीचं कधी
कुणीच काढलं नाही.