बि. अ.

चौबाऱ्याच्या तोंडाशी, भांड्यांच्या दुकानाबाहेर
माझं स्टूल, माझं मशीन.
तांब्यावर, परातीवर, रुखवताच्या डब्यांवर
ठिपक्या-ठिपक्यांनी नावं टाकतो.
टर्रर्र चालू असतं, याला काय ऐकू जाणार,
म्हणून लोक माझ्यासमोर काहीही बोलतात.
मी ऐकतो. नाव टाकतो. दहा रुपये घेतो.

सातशे ताटं मीच घातलेली:
बि. अ.
बिरादार आणि अत्तार, मंडप व भांडी भाड्याने, उदगीर.
पंगतीतली पोरं हसायची,
हे ताट बी.ए. झालंय म्हणून.

एकोणीस वर्षांनी मूर्तप्पा म्हणाला, इसाराचे अकरा हजार कुठं गेले.
महेबूब म्हणाला, जनरेटर कुणाच्या पैशाचा.
वकील झाले. तारखा झाल्या.
ताटं गोदामात, गोदामाला दोन कुलपं,
आणि वैशाख कोरडा गेला दोघांचाही.
मग एका तारखेला साहेब म्हणाले,
बाहेर बसून बोलून बघा, कुणी मधला माणूस आहे का?
दोघांनी एकदमच माझं नाव घेतलं.
बऱ्याच दिवसांत तेवढंच एक त्यांनी मिळून केलं.

मला कायदा येत नाही, म्हणालो.
मूर्तप्पा म्हणाला, म्हणूनच तर.

आधी एकेकट्याला बसवलो.
मूर्तप्पा दोन तास बोलला, त्यातला दीड तास गुडघ्याबद्दल.
महेबूब कमी बोलला.
एक गोष्ट सांगितली आणि म्हणाला, नागोराव, ही तुमच्यापाशीच.
ती इथंही सांगणार नाही.

मग दोघं समोरासमोर, मधे चहा, मधे वही.
अकरा हजार कुणी विचारले नाहीत. जनरेटरही नाही.
महेबूबनं पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं:
अत्तार, मुलीचं लग्न, दोनशे ताटं, भाडं बाराशे.

मूर्तप्पानं चष्मा लावला.
काढला. पुसला. परत लावला.
‘पोरानं लिवलंय. मी वाचलो नाही.’
‘वाचायला पाहिजे होतं.’
बाहेर कुणीतरी घागर घेऊन माझी वाट बघत होतं.
मी उठलो नाही.
‘तुझ्याकडून भाडं घेईन का रे मी?’
‘घेतलास की. हिशेबात कापून घेतलास.’

चहावर साय धरली.
मला वाटलं आता रडतील, गळ्यात पडतील.
तसं काही झालं नाही.
मूर्तप्पानं बंडीच्या खिशातून बाराशे काढून ठेवले,
महेबूबनं ते चहाच्या बशीखाली सरकवले,
आणि म्हणाला, चला, आता ताटं मोजू.

एकत्र धंदा? नको, दोघंही म्हणाले,
पण त्या ‘नको’ला आता धार नव्हती.
तुला साडेतीनशे, मला साडेतीनशे.
कढया तुला, शामियाना मला.
तोंडारची गिऱ्हाइकं ज्याला बोलवतील त्याची.
कागद झाला, सह्या झाल्या, वकिलांनी तोंडं वाकडी केली.
जनरेटरचं मात्र जमलं नाही.
तो माझ्या अंगणात आहे अजून.
खाली कोंबड्या बसतात.

राहिलं ताटांवरचं नाव.
घासून काढतो, मी म्हणालो, ताटाला आठ रुपये.
मूर्तप्पा म्हणाला, माझ्या ताटांना नको, उगाच खर्च.
महेबूब म्हणाला, पत्रा पातळ होतो.

काल नळगीर रोडला पंगतीत होतो.
मंडप अत्तारचा, आचारी कुणी नवा.
वरण वाढायच्या आधी मी ताट तिरपं करून बघितलं,
आमच्या धंद्याची खोड.
‘अ’चे दोन ठिपके झिजलेत.
पुन्हा टोचायला पाहिजेत कधीतरी.