आठ दिवसांची रजा, न्यूपोर्ट

स्पेनची तिकिटं पाहिली,
मग खात्यातली शिल्लक,
आणि लॅपटॉप मिटला.

सोमवारी निरंजनने कुरकुरणाऱ्या दाराला
खोबरेल पाजलं.
दुपारभर आम्ही ते उगाच
उघडत-मिटत राहिलो.

मग कालव्याकाठच्या काट्यांतून ब्लॅकबेरी.
फुकट.
बोटं जांभळी, एक बाही फाटली
(ती शिवली बुधवारी,
सोबत त्याची तीन बटणं).

वेलची घालून मुरांबा आटवला.
शेजारच्या ग्लेनिसने रिकाम्या बरण्या दिल्या होत्या;
एक भरून परत केली,
रिकामं भांडं देऊ नये म्हणून.
तिने कुंपणावरून विचारलं, कुठे जाऊन आलात?

मागच्या खोलीत, म्हटलं.
तिथे दुपारी चारला ऊन येतं.
चार वर्षं त्याचं भाडं भरतोय,
भेट आत्ता झाली.