आहे का अजून?

फाल्गुन संपायला चार दिवस होते.
वीस मिनिटं पडल्या असतील गारा,
पत्र्याखाली शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना,
आणि मग एकदम
कुणी रेडिओ बंद करावा तसं.

मैनोद्दीनमामू म्हणाले, गाडी काढ. तळ्याकडं.
मी म्हटलं, आत्ता? घाटात?
ते मफलर गुंडाळून मागं बसलेसुद्धा.

धारूरच्या वरचं ते पाझर तळं
रोजचंच. म्हशी, धुणं, गुटख्याच्या पुड्या,
मे महिन्यात तर नुसता भेगाळलेला गाळ.
आज बांध पांढरा. खडक, तरवड,
सीताफळीच्या काड्या, पंपाच्या खोलीचा पत्रा, सगळं पांढरं.
तापलेल्या मातीतून वाफ निघत होती
आणि काठाच्या पाण्यात गारा
एकमेकींना घासत बारीक करकरत होत्या.
पळसाची फुलं त्यात उताणी पडलेली,
इतकी लाल की बघवेना.

मामू बांधावर उभे राहिले.
अठरा वर्षं फौजेत, त्यातली दोन लडाखला.
कधी विचारलं तर एवढंच म्हणायचे,
थंडी असायची.

"असंच व्हतं," ते म्हणाले. "लई मोठं.
पल्याडचा काठ दिसायचा न्हाई.
एप्रिलात फुटायचं. रातच्याला आवाज यायचा,
म्हशीनं दावं तोडल्यागत.
मग आम्ही तंबूत म्हणायचो, चला, उन्हाळा लागला."

हसले. मग थांबले.

"कंधारचं एक पोरगं व्हतं. दशरथ.
त्याला आईला बर्फ दाखवायचा व्हता.
सुट्टीच्या आदल्या दिशी थर्मास भरून ठिवला त्यानं."

पाण्यावरून गार वारा आला. मी कॉलर वर केली.

"थर्मास मीच नेऊन दिला.
पाणीच झालं व्हतं, दुसरं काय.
म्हातारी उभ्यानंच प्याली.
म्हणली, गोड हाय."

तेवढ्यात मामूंच्या पाठीत फटकन गोळा बसला.
वर बांधावर म्हशीमागचं एक पोरगं,
दोन्ही हात लाल, तोंडभर हसणं.
मामू वळले. वाकले. गुडघे वाजले.
गारा ओंजळीत दाबताना त्यांचे हात
घाईत नव्हते,
माहीत होतं त्यांना किती दाबायचं.

पोरगं पळालं. गोळा म्हशीला लागला.
म्हैस जागची हलली नाही.

परतताना घाट काळा, ओला, झाडपाल्यानं भरलेला.
खालून टमटम येत होत्या, दोन-तीन स्कूटर,
एकीवर नवी नवरी, पायात पैंजण, अंगावर नवऱ्याचा स्वेटर.
"आहे का अजून?"
आहे, मामू ओरडले.
बिगीबिगी जावा.