आली की

येरंडीच्या शाळेत सातवीला तेरा पोरं
आणि फळ्यावर माझ्याच अक्षरात
व्हेन, व्हाइल, ॲज, अंटिल.
चार भावंडं, चेहरे सारखे,
हाक मारताना मास्तरचंही चुकतं.

गाइडात सोपं आहे:
झटकन घडलं तर व्हेन,
घडत राहिलं तर व्हाइल.
खाली उदाहरण: फोन वाजला,
रिकामी जागा, मी आंघोळ करत होतो.
रेवंता वलथरे उठून म्हणाली,
"पण सर, आपल्या गावात फोन
पाळीवर गेल्याबिगर वाजतच नाई.
पाळीवर कोन आंघोळ करते?"

सगळे हसले. मीही.
मग फळ्यावरची ती न्हाणी पुसून टाकली,
म्हटलं, उद्या वाक्यं आणा
घरची.

दुसऱ्या दिवशी बारा वह्यांत
गाइडातलाच फोन वाजत होता,
विलास कोहळेच्या वहीत दोनदा.
रेवंताचं एकच वाक्य, पेन्सिलीनं:
मी भात रांधते, रिकामी जागा, आई पाण्यात आहे.
जागा भरलीच नव्हती.

"काऊन सोडली?"
"व्हेन लिवलं तं आई पाण्यात उतरली
अन् झालं, असं वाटते सर.
उतराले काय, एक घडी.
थे शिंगाडे तोडते छातीइतक्या पाण्यात,
बोटं पांढरी होतात तिची,
तवर माह्या चुलीवर भात शिजते, पेज निघते,
भाऊ उठते, रडते.
व्हाइल बसते का इथं?"
बसतं, म्हटलं.
"अन् अंटिल?"
अंटिल म्हणजे ती वर येईपर्यंत.
"वर आली का मंग रांधणं सरते माहं?"
नाही.
"मंग नाई बसत," म्हणाली,
आणि काहीच न लिहिलेली जागा
खोडरबरानं उगाच घासली.

आपण ही भानगड
क्रियापदाच्या शेपटीलाच बांधून टाकतो:
करताना, करता करता, केल्यावर, करेपर्यंत.
इंग्रजीत गेलो की
दोरी हातात सुटी येते
आणि गाठ कुठे मारायची कळत नाही.

संध्याकाळी पाळीवर गेलो.
मोहाच्या बुंध्यावर चढून हात उंच केला
तर दोन काड्या येतात.
वैजू तिकडे सिरोंच्याच्याही पुढे,
दोन खोल्यांची शाळा, नदीपलीकडे तेलंगण.
सात वर्षं
मी इकडे शिकवतो व्हाइल ती तिकडे शिकवते.
गाइडात छापावं असं निर्दोष वाक्य.
पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज
या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत
तीन साहेब बदलले.

अंधार पडता पडता फोन लागला.
हा ॲज. उद्या पोरांना सांगायला हवा.
तिनं विचारलं, जेवलास का.
तिच्या दाढेचं बोललो, दिवाळीच्या सुट्ट्यांचं,
गॅस संपल्याचं.
दरवेळी शेवटी ती म्हणते,
"ऑर्डर आली की आधी दाराला रंग देऊ."
की. एवढंसं अक्षर.
इंग्रजीत त्याला तीन शब्द लागतात, ॲज सून ॲज,
आणि तरी दाराचा रंग दिसत नाही.

आज म्हणाली, "ऑर्डर आली तर बघू."

काय म्हणालीस, मी विचारलं.
रेंज गेली होती.
किंवा तिनं ठेवला असेल.

तर हा शब्द या धड्यात नाही.
तो वेळेचा नाही, अटीचा.
दिवाळीनंतर येतो, धडा नववा.

तळ्यात अजून कुणीतरी होतं,
ट्यूबवर टोपली तरंगत होती,
आणि काठावर बॅटरी धरून रेवंता.
भात झाला का गं?
"केव्हाचाच झाला.
सर, थे जागा तशीच रावू द्या ना."
राहू दे, म्हटलं,
आणि पुन्हा बुंध्यावर चढलो.